गाडीचा टेप घेताना पंपाचा हिशेब आठवा



भात झोडून झाले, कणगी भरली, चार पैसे हाताशी आले, की नेरळ-कर्जतकडच्या घरांतून एक मागणी हमखास पुढे येते. घरातला तरुण मुलगा म्हणतो, "बाबा, गाडीला चांगला टेप लावू या." कॅसेटचे दिवस सरून बरीच वर्षे झाली, पण गाडीतल्या गाण्याच्या यंत्राला आपल्याकडे अजूनही टेपच म्हणतात. या टेपबरोबर आता स्पीकर, सबवूफर, अ‍ॅम्प्लिफायर अशी मोठी वरात येते आणि भाताच्या पैशातला बरा वाटा घेऊन जाते.

खते, बियाणे आणि करप्यावरचा उपाय सांगणाऱ्या माणसाने गाण्याच्या यंत्रावर का लिहावे, असे तुम्हाला वाटेल. त्याला कारण घडले, ते आधी सांगतो.

गाडी अडली, बाजार गेला

नेरळजवळच्या एका गावात भेंडीचा प्लॉट पाहायला गेलो होतो. घरची एक पिकअप गाडी आहे. संध्याकाळी तोडलेला माल क्रेटमध्ये भरायचा आणि पहाटे तीनला कल्याणच्या बाजार समितीकडे निघायचे, हा त्यांचा नेम. मुलाने गाडीला नुकताच मोठा टेप बसवून घेतला होता. सीटच्या मागे बारा इंची सबवूफरची पेटी ठेवली होती. ती मावावी म्हणून सीट इतकी पुढे सरकवली होती, की चालवणाऱ्याचे गुडघे स्टीअरिंगला टेकत. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, त्यातलाच प्रकार.

आदल्या रात्री शेजारच्या वाडीत हळद होती. गाडी अंगणात उभी केली, दारे उघडली आणि इंजिन बंद ठेवून तीन-चार तास गाणी लावली. पहाटे क्रेट भरून किल्ली फिरवली, तर गाडीने नुसता टक् असा आवाज केला. बॅटरी पार उतरली होती. भरलेली गाडी ढकलायला माणसे मिळेनात. शेवटी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली आणि साडेपाचला गाडी निघाली. कल्याणला पोचेपर्यंत चांगल्या भावाचे गिऱ्हाईक निघून गेले होते. उरला माल मिळेल त्या भावाने द्यावा लागला.

घरचे कर्ते मला म्हणाले, "साहेब, पंपाचे तुम्ही सांगता, तसे यातलेही जरा बघा." बॉनेट उघडून पाहिले, तेव्हा लक्षात आले की उतरलेली बॅटरी ही त्यातली लहान गोष्ट होती. बॅटरीपासून निघालेली वायर पत्र्याच्या भोकातून तशीच आत नेली होती आणि भोकाच्या धारेने तिचे आवरण निम्मे कापले गेले होते. बॅटरीजवळ फ्यूज नव्हता. आणखी महिनाभर धक्के बसते, तर तांबे पत्र्याला टेकले असते आणि गाडी पेटली असती.

त्या घराला जे सांगितले, तेच आज तुम्हाला सांगतो. गाणे ऐकू नका, असे मी म्हणणार नाही. दिवसभर राबणाऱ्या माणसाने गाडीत गाणे ऐकावे, भजन ऐकावे. पण विहिरीवर पंप बसवताना आपण पाणी किती, उंची किती, पाइप केवढा, हे पाहतो. गाडीच्या टेपलाही तोच हिशेब लागू आहे.

आधी गरज ठरवा

पंप घेताना पहिला प्रश्न असतो, भिजवायचे किती? इथे पहिला प्रश्न, ऐकायचे काय आणि कुठे?

माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २० ते २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कंपने मोजण्याच्या मापाला हर्ट्झ म्हणतात. बोलणे, गाणाऱ्याचा गळा, पेटी, बासरी, टाळ, चिपळ्या हे सारे दारातल्या चांगल्या स्पीकरमधून स्वच्छ ऐकू येते. पखवाजाची धुम आणि मोठ्या ढोलाचा घुमारा खाली, शंभर हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली असतो. सबवूफरचे काम मुख्यतः ८० हर्ट्झच्या खालचे. म्हणजे तुम्ही कीर्तन, भजन, बातम्या आणि जुनी गाणी ऐकत असाल, तर सबवूफरवाचून तुमचे फारसे अडत नाही. ढोल-ताशा आणि हळदीची गाणी आवडत असतील, तर लहान सबवूफर उपयोगी पडेल.

इंजिन बंद ठेवून अंगणात तासन् तास गाणी लावायची असतील, तर मात्र गाडीचा नाद सोडा आणि घरच्या विजेवर चालणारा वेगळा स्पीकर घ्या. गाडीची बॅटरी स्टार्टर फिरवण्यासाठी असते. साठ अ‍ॅम्पिअर-तासांची बॅटरी घेतली आणि टेपने पंधरा अ‍ॅम्पिअर ओढले, तर कागदावरचा हिशेब चार तासांचा होतो. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी आधी गाडी सुरू होईनाशी होते. शिवाय अशी पार उतरवलेली बॅटरी पुन्हा चार्ज केली, तरी तिचे आयुष्य घटतेच.

वॅटचा आकडा आणि फ्यूजची साक्ष

खोक्यावर '१००० वॅट', '२००० वॅट' असे मोठे आकडे असतात. त्यांना भुलू नका. क्षणभरच्या झटक्याचा तो आकडा असतो आणि कित्येकदा तितकाही खरा नसतो. तुम्ही विचारायचे ते 'आरएमएस' वॅट, म्हणजे यंत्र सतत किती शक्ती देते तो आकडा. पंपाच्या पाटीवरचा हॉर्सपॉवर आपण जसा पाहतो, तसाच हा.

दुकानदाराने आरएमएस सांगितले नाही, तर अ‍ॅम्प्लिफायरचा फ्यूज पाहा. फ्यूजवर ३० अ‍ॅम्पिअर लिहिले आहे असे समजा. गाडी चालू असताना वीज साधारण १४ व्होल्टची असते. तीस गुणिले चौदा, म्हणजे ४२० वॅट. यापेक्षा जास्त वीज त्या यंत्रात फार वेळ शिरूच शकत नाही. त्यातला बराच भाग उष्णतेत जातो. 'क्लास एबी' जातीचे यंत्र निम्म्याच्या जरा वर, म्हणजे दोनशे ते अडीचशे वॅट बाहेर देईल. 'क्लास डी' जातीचे तीनशेच्या वर देईल. मग खोक्यावरचे दोन हजार आले कुठून? खोके काहीही सांगेल. फ्यूज खोटे बोलत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. वॅट दुप्पट केले, तर आवाज दुप्पट होत नाही. तो फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला वॅट जवळजवळ दहापट लागतात. म्हणून पन्नास वॅटच्या जागी शंभर वॅट घेऊन खिसा बराच हलका होतो, पण ऐकणाऱ्याला थोडाच फरक कळतो.

स्पीकर : पहिला पैसा इथे

सगळ्यांत आधी पुढच्या दारांतले दोन स्पीकर बदला. बहुतेक घरांची गरज एवढ्यानेच भागते. गाडीत मुळात बसवलेले स्पीकर बऱ्याचदा हलक्या कागदाचे आणि लहान चुंबकाचे असतात.

खोक्यावर 'सेन्सिटिव्हिटी' म्हणून डेसिबलचा आकडा असतो. ८८ च्या जागी ९१ चा स्पीकर घेतला, तर तेवढ्याच विजेत तो जो आवाज देतो, त्यासाठी पहिल्याला दुप्पट वॅट द्यावे लागतात. गाडीच्या टेपवर '५० वॅट गुणिले ४' लिहिलेले असले, तरी दर स्पीकरला तो स्वच्छ असे वीसेक वॅटच देतो. अशा टेपला ९०-९१ डेसिबलचा स्पीकर जोडणे म्हणजे कमी पाण्यात येणारे वाण पेरणे होय.

दुसरे पाहायचे ते ओम. गाडीचे स्पीकर बहुधा ४ ओमचे असतात. असे दोन स्पीकर एकाच तारेवर शेजारी शेजारी जोडले, तर भार २ ओमचा होतो आणि यंत्र दुप्पट वीज ओढू पाहते. ते २ ओमला चालेल असे पुस्तिकेत लिहिले नसेल, तर जळते.

तिसरी गोष्ट आपल्या पावसाची. कर्जत-खालापूरकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि दाराच्या पोकळीत पाणी उतरतेच. कागदी पडद्याचा स्पीकर ओल धरून सैल पडतो. आपल्याकडे पॉलिप्रोपिलीनचा, म्हणजे प्लास्टिकचा पडदा आणि रबरी कडा बरी. स्पीकरच्या पाठीवर वरून पाणी ओघळू नये, म्हणून लहानशी छपरी करून घ्या.

बसवताना स्पीकर आणि पत्रा यांच्यामध्ये फट ठेवू देऊ नका. स्पीकर पुढे जसा आवाज फेकतो, तसा मागेही फेकतो. फटीतून मागचा आवाज पुढे आला, की जाड आवाजाला दोघे मिळून खाऊन टाकतात. दाराची मोठी भोके बंद करून आतून रबरी चादर चिकटवली, की त्याच स्पीकरचा आवाज भरदार होतो. कित्येकांना सबवूफरची गरज वाटते, ती या फटींमुळेच!

जोडताना अधिक आणि उणे उलटे झाले, तरीही ढोल हरवतो. याची परीक्षा घरी करता येते. स्पीकरच्या तारा टेपपासून सोडवा आणि दीड व्होल्टचा साधा सेल अधिकला अधिक, उण्याला उणे असा क्षणभर लावा. पडदा बाहेर सरकला, तर खुणा बरोबर आहेत. दोन्ही दारांची परीक्षा सारखी आली पाहिजे.

अ‍ॅम्प्लिफायर : लागला तरच

गाडी खडखड करणारी असेल, खिडक्या उघड्या ठेवून चालवायची असेल आणि टेपचा आवाज वाढवल्यावर तो फाटत असेल, तर अ‍ॅम्प्लिफायर घ्या. चार स्पीकरांसाठी दर स्पीकरला ५० वॅट आरएमएस देणारे यंत्र गाडीला पुष्कळ झाले. स्पीकरचे आरएमएस त्याच्या जवळपास असावे. लहान यंत्राला रेटून आवाज फाटू देणे हे मोठ्या यंत्रापेक्षा घातक ठरते. फाटलेल्या आवाजाने ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, आधी जळतो.

अ‍ॅम्प्लिफायरवर 'गेन' नावाचे बटण असते. आवाज वाढवण्यासाठी ते नाही. टेपचा आवाज पाऊण करा, गेन हळूहळू वाढवा, आवाज फाटायला लागला की थोडे मागे घ्या आणि पुन्हा हात लावू नका. दारातल्या स्पीकरना ८० हर्ट्झच्या खालचे आवाज जाऊ नयेत, असे दुसरे बटण असते. सबवूफर असेल तर ते जरूर लावा. त्यामुळे स्पीकरवरचा ताण कमी होतो.

यंत्र तापते, म्हणून ते गोधडीखाली किंवा पोत्यांखाली नको. त्याला वारा लागला पाहिजे.

सबवूफर : सगळ्यांत शेवटी

पुढचे स्पीकर नीट बसवून महिनाभर ऐका. तरीही खालचा घुमारा कमी वाटला, तर सबवूफरचा विचार करा. पिकअपला किंवा लहान गाडीला आठ इंची किंवा सीटखाली मावणारा चपटा सबवूफर पुरतो. बंद पेटीचा आवाज आटोपशीर आणि ठोका स्पष्ट येतो. ढोलकी, पखवाज यांना ती बरी. भोकाची पेटी तेवढ्याच वॅटमध्ये जास्त दणका देते, पण जागा अधिक खाते.

पेटी पट्ट्याने किंवा बोल्टने घट्ट बांधा. करकचून ब्रेक मारला, तर पंधरा-वीस किलोची सुटी पेटी पाठीत बसते. तळाला स्क्रू मारण्याआधी गाडीखाली वाकून पाहा. ब्रेकची आणि इंधनाची नळी तिथूनच जात असते. गाडी सीएनजीची असेल, तर टाकी, तिचा व्हॉल्व्ह आणि तपासणीची पाटी पेटीमागे झाकू नका.

वायर आणि फ्यूज : इथे काटकसर नको

विहिरीवर एक हॉर्सपॉवरची मोटार २३० व्होल्टवर चार-पाच अ‍ॅम्पिअर घेते. तेवढेच काम १२ व्होल्टवर करायचे, तर साठच्या वर अ‍ॅम्पिअर लागतात. व्होल्ट कमी म्हणून अ‍ॅम्पिअर जास्त, आणि अ‍ॅम्पिअर जास्त म्हणून वायर जाड. कमी दाबाने जास्त पाणी न्यायचे, तर पाइप मोठा लागतो, तसेच हे आहे.

तीस अ‍ॅम्पिअर पाच मीटर न्यायचे असतील, तर अडीच स्क्वेअर मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्ये सव्वा व्होल्टच्या आसपास वाटेतच खर्च होतो आणि वायर तापते. दहा स्क्वेअरच्या वायरमध्ये तोच तोटा पाव व्होल्टच्या जरा वर असतो. म्हणून तीस अ‍ॅम्पिअरला दहा स्क्वेअर, त्याहून जास्त असेल तर सोळा. वायर तांब्याचीच घ्या. वरून तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम अशी वायरही बाजारात मिळते. एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली, तर परत करा.

मुख्य फ्यूज बॅटरीच्या अधिक टोकापासून हातभर अंतराच्या आत हवा. हा फ्यूज वायरसाठी असतो. तो गाडीच्या मागच्या टोकाला लावला, तर मधली सारी वायर उघडी राहिली म्हणून समजा. फ्यूज उडाला तर त्याजागी तार, खिळा किंवा सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी कधीही घालू नका. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी बुशिंग घाला. उणे वायरही तेवढीच जाड असावी आणि रंग खरवडून स्वच्छ पत्र्याला बोल्टने आवळावी. गाडी भाताच्या कणगीजवळ उभी राहत असेल, तर उंदरांचाही विचार करा. वायर पन्हाळीच्या नळीतून न्या आणि महिन्यातून एकदा बॉनेट उघडून पाहा.

गाडी वॉरंटीत असेल, तर मूळच्या वायरी कापू देऊ नका. त्याच मापाचे तयार कपलर मिळतात. गाडीत एअरबॅग असेल, तर तिच्या झाकणावर ट्वीटर बसवू नका. आणि यंत्र निवडण्याआधी गाडीचा अल्टरनेटर किती अ‍ॅम्पिअरचा आहे, ते मेकॅनिककडून समजून घ्या. दिवे, वायपर आणि पंखा एकदम चालू असताना त्यातून जे उरते, तेवढेच तुमच्या टेपचे.

दुकानात जाताना

खरेदीला नेरळहून लोकल धरून दादरला गाडी बदला आणि ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला जा, किंवा जवळच्याच दुकानातून घ्या. आपली पाच-सहा ओळखीची गाणी बरोबर न्या. त्यात एक भजन, एक बाईचा गळा, एक ढोलकीचे गाणे आणि एक नुसते बोलणे असावे. दोन स्पीकर ऐकताना दोघांचा आवाज सारखा ठेवायला सांगा. जो मोठा वाजतो तो कानाला चांगलाच वाटतो आणि तिथेच गिऱ्हाईक फसते. हळू आवाजात शब्द स्पष्ट येतात का, हे आधी पाहा.

खर्चाचा माझा अंदाज असा: शंभर रुपये खर्चायचे असतील, तर चाळीस पुढच्या स्पीकरना, तीस अ‍ॅम्प्लिफायरला आणि तीस वायर, फ्यूज, दाराची चादर आणि मजुरी यांना. सबवूफर पुढच्या हंगामाच्या पैशातून. स्पीकर स्वस्तात आणून दणक्यावर खर्च करणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. आणि बिल घ्यायला विसरू नका.

कान आणि रस्ता

८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांच्या वर कानाला सोसत नाही. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे. बंद गाडीत सबवूफरसकट शंभर गाठणे मुळीच कठीण नाही. गाडीतून उतरल्यावर कानात शिट्टी वाजली, तर कानाला इजा होत आहे असे समजा. आतल्या कानातल्या बारीक पेशी एकदा मेल्या, की पुन्हा उगवत नाहीत. लहान मुलांना सबवूफरजवळ बसवू नका.

रस्त्याचे भान तर हवेच. नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्याकडे चढणारा घाट तुम्हाला ठाऊक आहे. तिथल्या वळणावर समोरची गाडी दिसण्याआधी तिचा हॉर्न ऐकू येतो. तो ऐकू आला नाही, तर ब्रेक दाबायला वेळ उरत नाही. माझी साधी कसोटी अशी: शेजारी बसलेल्या माणसाशी आवाज न चढवता बोलता आले पाहिजे.

गावाचाही विचार करा. ध्वनिप्रदूषणाच्या सन २००० च्या नियमांनुसार वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे; रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ शांततेची धरली आहे. शेजारी कोणी आजारी असते, कोणाची दहावी-बारावीची परीक्षा असते, आणि कोणाला पहाटे तीनला बाजार गाठायचा असतो.

आता त्या भेंडीवाल्या घराचे सांगतो. बारा इंची पेटी त्यांनी विकली. पुढच्या दारांत साडेसहा इंची दोन चांगले स्पीकर बसवले, फटी बुजवल्या, लहान अ‍ॅम्प्लिफायर ठेवले, दहा स्क्वेअरची वायर नळीतून नेली आणि बॅटरीजवळ फ्यूज घातला. मुलगा चार दिवस घुश्शात होता. पुढच्या भेटीत मी विचारले, तेव्हा म्हणाला, "साहेब, आता गाण्यातले शब्द कळतात." त्याचे वडील हसून म्हणाले, "आणि किल्ली फिरवली की गाडी चालू होते."